कंटेनर अजनीहून निघतो, कागद कुठे अडतो?

विदर्भातल्या मौद्याच्या किंवा तुमसरच्या राइस मिलमधून उकडा तांदूळ पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनला चाललाय असं समजा. पन्नास किलोच्या ५०० गोण्या, म्हणजे २५ टन, म्हणजे वीस फुटी एक कंटेनर. माल एकच, विकणारा एकच, घेणारा एकच. आता या मालाची माहिती कुठे कुठे भरावी लागते ते बघा.

इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट व्यापाऱ्याच्या ऑफिसात तयार होते. त्यावरून सीएचए, म्हणजे कस्टम्स ब्रोकर, शिपिंग बिलाची चेकलिस्ट काढून पाठवतो. व्यापाऱ्याने ‘ओके’ म्हटलं की कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचं घोषणापत्र, दाखल होतं. तांदळाला कीड नाही याचा दाखला, ज्याला बाजारात सगळे ‘फायटो’ म्हणतात, तो प्लांट क्वारंटाइनच्या वेगळ्या पोर्टलवरून घ्यायचा. धुरी दिल्याचं सर्टिफिकेट धुरी देणाऱ्या एजन्सीकडून. माल भारतातला असल्याचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन डीजीएफटीच्या, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवरून. भरलेल्या कंटेनरचं एकूण वजन, म्हणजे व्हीजीएम, जहाज कंपनीला कळवायचं. जीएसटीच्या रिटर्नमध्ये तेच इनव्हॉइस पुन्हा. व्यापाऱ्याचं नाव, पत्ता, मालाचं वर्णन, कोड, वजन, नग, गिऱ्हाईक, पोचण्याचं बंदर हे सगळं प्रत्येक ठिकाणी नव्याने टाइप होतं.

आता समजा, स्टफिंगच्या, म्हणजे कंटेनर भरायच्या, वेळी दोन गोण्या फाटल्या आणि कंटेनरमध्ये ४९८ च गेल्या. माणूस म्हणेल, एवढंसं तर आहे. पण फायटोवर ५००, धुरीच्या सर्टिफिकेटवर ५००, ओरिजिनवर ५०० आणि सीलबंद कंटेनरमध्ये ४९८ अशी स्थिती झाली, की प्रत्येक दारात जाऊन दुरुस्ती करावी लागते. एका ठिकाणी राहून गेली तर तिकडच्या बंदरावर गिऱ्हाइकाची बँक नाहीतर कस्टम्स तोच आकडा पकडून बसते. शंभर किलो तांदळासाठी पंचवीस टनांचे पैसे अडकतात.

या दुखण्यावर जगभर जो उपाय शोधला गेला, त्याचं नाव सिंगल विंडो. मराठीत आपण ‘एक खिडकी’ म्हणतो, पण हा शब्द आपल्याकडे इतक्या योजनांना लावला गेलाय की आधी थोडी सफाई करू. राज्य सरकारचं ‘मैत्री’ पोर्टल ही उद्योग सुरू करायच्या परवानग्यांची एक खिडकी आहे. तिचा इथे संबंध नाही. आपण बोलतोय ते सीमेवरून माल आत आणण्याच्या आणि बाहेर पाठवण्याच्या परवानग्यांबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-सीफॅक्ट या संस्थेने २००५ साली शिफारस क्रमांक ३३ मध्ये तिची व्याख्या केली, आणि ती आजही कामाची आहे. आयात, निर्यात आणि मालाच्या ये-जा संदर्भात सरकारला जी काही माहिती आणि कागदपत्रं लागतात, ती ठरलेल्या एकाच नमुन्यात, एकाच ठिकाणी, एकदाच द्यायची सोय. यातला ‘एकदाच’ हा शब्द माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आपल्या तहसीलच्या सेतू केंद्राचं उदाहरण घ्या. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आपण एकाच खिडकीत देतो. पण आत तो कागद जर तलाठ्याकडे, मग मंडळ अधिकाऱ्याकडे, मग नायब तहसीलदारांकडे पूर्वीसारखाच फिरत असेल, तर आपली रांग वाचली, दिवस नाही वाचले. व्यापाराच्या एक खिडकीतही नेमका हाच धोका असतो. समोरचं पोर्टल सुंदर होतं, मागची टेबलं तशीच राहतात. म्हणून या विषयात जे खरं काम आहे ते पडद्यावर दिसत नाही, आणि दिसत नसल्यामुळेच त्याच्यासाठी पैसा आणि वेळ मागणं अवघड जातं.

आधी कोण, मग सॉफ्टवेअर

सिंगापूरने १९८९ मध्ये ट्रेडनेट सुरू केलं. इंटरनेट घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी. वेगवेगळ्या कार्यालयांचे वेगवेगळे फॉर्म एकत्र करून त्यांनी एक इलेक्ट्रॉनिक घोषणापत्र केलं आणि ज्या परवानगीला दिवस लागायचे ती मिनिटांत मिळू लागली. त्यावेळचं तंत्रज्ञान आजच्या साध्या मोबाइलपुढेही काही नाही. तरी ते जमलं, कारण सरकारने वरून ठरवलं होतं की हे होणार, आणि कुठल्या कार्यालयाने काय सोडायचं हेही ठरवलं होतं.

भारतात हे ठरवणं किती गुंतागुंतीचं आहे ते बघा. कस्टम्स अर्थ मंत्रालयाखाली. डीजीएफटी वाणिज्य मंत्रालयाखाली. अन्नपदार्थ तपासणारं एफएसएसएआय आणि औषधं बघणारं औषध नियंत्रक कार्यालय आरोग्य मंत्रालयाखाली. प्लांट क्वारंटाइन कृषी मंत्रालयाचं, अॅनिमल क्वारंटाइन पशुसंवर्धनाचं, टेक्सटाइल कमिटी वस्त्रोद्योगाची, वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो पर्यावरण मंत्रालयाचा. स्फोटकं, गॅस सिलिंडर यांच्या आयातीसाठी ‘पेसो’ या स्फोटक सुरक्षेच्या केंद्रीय कार्यालयाची परवानगी लागते, आणि त्या पेसोचं देशाचं मुख्यालय आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे. यातला प्रत्येक विभाग आपापल्या कायद्याने बांधलेला. कस्टम्स आयुक्ताने एफएसएसएआयच्या अधिकाऱ्याला सांगावं की तू नमुना घेऊ नकोस, असं होऊ शकत नाही. आणि होऊही नये, कारण तो नमुना आपल्या ताटातल्या अन्नाचा असतो.

म्हणून कुठल्याही देशात एक खिडकीची आखणी करताना पहिला प्रश्न असतो की याचा धनी कोण. बहुतेक ठिकाणी कस्टम्सकडे जबाबदारी जाते, कारण माल शेवटी त्यांच्याच हातून सुटतो. पण नुसतं कस्टम्सला धनी करून भागत नाही, सगळ्या मंत्रालयांच्या वर बसून भांडण मिटवणारं कोणीतरी लागतं. भारतात २०१६ मध्ये राष्ट्रीय व्यापार सुलभीकरण समिती झाली आणि तिचं अध्यक्षपद थेट कॅबिनेट सचिवांकडे दिलं गेलं. कागदावर ही साधी प्रशासकीय गोष्ट वाटते. पण दोन सचिवांच्या खात्यांत एका फॉर्मवरून मतभेद झाला तर तो मिटवण्याचं वजन त्याच खुर्चीत आहे.

त्याच वर्षी, १ एप्रिल २०१६ ला, ‘स्विफ्ट’ ही भारताची एक खिडकी आयातीसाठी सुरू झाली. आयातदाराने बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा अर्ज, भरतानाच एक एकत्रित घोषणापत्र द्यायचं. कस्टम्स आणि सुरुवातीच्या सहा विभागांचे मिळून नऊ वेगवेगळे फॉर्म या एका घोषणापत्रात सामावले. २०१८ पासून ई-संचित या सोयीमुळे सोबतचे पुराव्याचे कागद स्कॅन करून अपलोड करता येऊ लागले. २०२० च्या ३१ ऑक्टोबरपासून देशभर फेसलेस असेसमेंट आलं, म्हणजे नागपूरच्या अजनी डेपोला आलेल्या मालाचं बिल ऑफ एंट्री चेन्नईत बसलेला अधिकारीही तपासू शकतो. ही मोठी वाटचाल आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं.

तरी वरच्या तांदळाच्या गोष्टीत व्यापारी चार पोर्टलं का उघडतोय? कारण स्विफ्टची सुरुवात आयातीच्या बाजूने झाली आणि निर्यातीच्या बाजूला बराच काळ प्रत्येक दाखल्याचं आपलं वेगळं दार राहिलं. विदर्भासारख्या, शेतमाल बाहेर पाठवणाऱ्या भागाला ही उणीव जास्त बोचते.

माहितीची भाषा

आखणीतला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात निर्णायक टप्पा म्हणजे प्रत्येक रकान्याचा अर्थ सगळ्यांनी मिळून ठरवणं. याला डेटा हार्मोनायझेशन म्हणतात. कामाची रीत साधी आहे. सगळ्या विभागांचे सगळे फॉर्म टेबलावर पसरायचे, त्यातला एकेक रकाना काढून लिहायचा, आणि विचारायचं की ही माहिती का लागते, कुठल्या कायद्याने लागते, दुसऱ्या कोणाकडे ती आधीच आहे का. ‘वजन’ हा रकाना सगळीकडे असतो. पण एका ठिकाणी ते निव्वळ मालाचं, दुसरीकडे गोणीसकट, तिसरीकडे कंटेनरच्या पोलादासकट. कोणाला किलो हवेत, कोणाला टन. सॉफ्टवेअरला हे आपोआप कळत नाही. आधी माणसांनी बसून ठरवावं लागतं.

आपल्या संत्र्याचंच घ्या. मालाला ओळख देणारा एचएस कोड जगभर पहिल्या सहा अंकांपर्यंत सारखा असतो, भारतात तो आठ अंकांचा आहे. त्यात ०८०५१० खाली ऑरेंज येतं आणि ०८०५२१ खाली मँडरिन. नागपुरी संत्रं वनस्पतिशास्त्राने सिट्रस रेटिक्युलाटा, म्हणजे मँडरिन. पण जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं नाव ‘नागपूर ऑरेंज’, आणि इनव्हॉइसवर बहुधा ऑरेंजच लिहिलं जातं. फायटो देणारा अधिकारी वनस्पतीचं शास्त्रीय नाव लिहितो, कस्टम्स कोड बघतं, तिकडचा आयातदार आपल्या देशाच्या दरपत्रकातली ओळ बघतो. माणसांच्या जगात हे चालून जातं, कारण पेटी उघडली की संत्रं दिसतं. दोन संगणक एकमेकांशी बोलताना मात्र कोड जुळला नाही की विषय संपला. अशा वेळी कोणाची यादी मूळ मानायची, शास्त्रीय नावाला कोड कसा जोडायचा, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. जागतिक सीमाशुल्क संघटनेचं डेटा मॉडेल याच कामासाठी आहे. त्यात प्रत्येक माहितीच्या तुकड्याला ठरलेलं नाव आणि ठरलेला आकार दिलेला आहे, म्हणजे प्रत्येक देशाने चाक नव्याने शोधायची गरज नाही.

माहिती जुळली नाही तर काय होतं याचा अनुभव आपल्या निर्यातदारांनी जीएसटीच्या सुरुवातीला घेतलाय. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि नियम झाला की आयजीएसटी, म्हणजे एकात्मिक जीएसटी, भरून माल निर्यात केला तर शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज. कल्पना उत्तम होती, वेगळा अर्ज नकोच. आइसगेटवरचं शिपिंग बिल आणि जीएसटीच्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमधलं इनव्हॉइस संगणकाने जुळवायचं आणि पैसे खात्यात टाकायचे. पण शिपिंग बिलावर इनव्हॉइस नंबर सीएचएने लिहिला होता आणि जीएसटीआर-१ मध्ये अकाउंटंटने. एकाने मधे तिरकी रेघ दिली, दुसऱ्याने नाही. एकाने पुढे शून्य लावलं, दुसऱ्याने नाही. पडद्यावर ‘एसबी००५’ असा एरर आला आणि परतावे महिनोन्‌महिने लटकले. बुटीबोरीतल्या सूत किंवा इंजिनिअरिंगचा माल पाठवणाऱ्या छोट्या कारखान्याचं खेळतं भांडवल एका तिरक्या रेघेपायी अडकलं. शेवटी सरकारला दुरुस्तीसाठी अधिकाऱ्यांमार्फत वेगळी सोय काढावी लागली.

यातून सॉफ्टवेअर वाईट होतं असा अर्थ काढू नये. दोन खात्यांनी इनव्हॉइस नंबर कसा लिहायचा हे आधी मिळून ठरवलं नव्हतं, आणि चूक झाली तर ती व्यापाऱ्याला स्वतः सुधारता येईल असा रस्ताही सुरुवातीला ठेवला नव्हता. याच्या उलट, जे नीट ठरवलं गेलं ते किती शांतपणे चालतंय तेही बघा. २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस यंत्रणेत शिपिंग बिलाची माहिती कस्टम्सकडून थेट जाते. निर्यातीचे पैसे आले की नाही याचा हिशोब बँक त्याच माहितीवर ठेवते. बँकेतली काही कटकट अजून उरली आहे, पण मूळ माहिती तरी पुन्हा टाइप करावी लागत नाही. एक खिडकी असं काम करते तेव्हा कोणाला ती जाणवतही नाही.

कायदा, आणि ‘हार्ड कॉपीपण आणा’

जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ ला अमलात आला. भारताने त्याला २०१६ मध्येच मान्यता दिली होती. त्याच्या कलम १०.४ मध्ये एक खिडकीचा विषय आहे आणि त्यात एक फार कामाची अट आहे. एकदा खिडकीतून जी माहिती मिळाली ती सहभागी कार्यालयांनी पुन्हा मागू नये, तातडीची परिस्थिती किंवा आधी जाहीर केलेले मोजके अपवाद सोडून. नागपूरच्या प्रत्येक निर्यातदाराने आणि सीएचएने हे कलम लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

कारण प्रत्यक्षात काय होतं? अपलोड झालं, सिस्टिममध्ये दिसतंय, तरी काउंटरवर ऐकू येतं, “भाऊ, एक हार्ड कॉपीपण आणून द्या, फाइलला लागते.” बहुतेक वेळा हे सांगणारा कर्मचारी त्रास द्यायला सांगत नसतो. उद्या ऑडिटला विचारणा झाली तर इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून चालेल का, याची त्याला खात्री नसते. त्याच्या खात्याचा नियम अजून ‘सही-शिक्क्याची मूळ प्रत’ म्हणतो. त्यामुळे डिजिटल खिडकी उभी करताना जुने नियम, परिपत्रकं, ऑडिटच्या सूचना सगळं चाळून जिथे जिथे ‘मूळ प्रत’ लिहिलंय तिथे ‘इलेक्ट्रॉनिक नोंद’ असा बदल करावा लागतो. अमुक तारखेनंतर कागद स्वीकारलाच जाणार नाही, असं लेखी जाहीर करावं लागतं. ही तारीख ठरली नाही तर कागद आणि संगणक दोन्ही समांतर चालत राहतात आणि व्यापाऱ्याचं काम निम्मं होण्याऐवजी दुप्पट होतं. अनेक देशांतले प्रकल्प इथेच रुतले आहेत.

तपासणीच्या बाबतीतही जुनी सवय मोडावी लागते. प्रत्येक विभागाला वाटतं आपण शंभर टक्के माल बघावा. कस्टम्सने २००५ पासून जोखमीवर आधारित निवड सुरू केली. ज्याचा इतिहास स्वच्छ आणि माल साधा, त्याचा कंटेनर न उघडता सोडायचा, शंका असेल तिथे जोर लावायचा. स्विफ्टमध्ये हाच विचार इतर विभागांपर्यंत नेण्याचा प्रयत्न आहे. तिघांनी तीन वेगवेगळ्या दिवशी तीनदा सील तोडण्यापेक्षा तिघांनी एकाच दिवशी एकत्र बघावं, एवढं जरी झालं तरी नाशवंत मालाचा जीव वाचतो.

जुनी खिडकी नवी करताना

उभी राहिलेली यंत्रणा नव्या जमान्याला जुळवून घेणं हे नवी बांधण्यापेक्षा अवघड असतं, कारण रोज तिच्यावरून माल चाललेला असतो. ती एक दिवसही बंद ठेवता येत नाही. घानाने २०२० मध्ये जुनी यंत्रणा बंद करून नवी सुरू केली तेव्हा टेमा बंदरात सुरुवातीला क्लिअरन्स रखडले आणि फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवणारे एजंट, यांनी आरडाओरड केली. म्हणून शहाणपणाची रीत अशी की एका वेळी एक विभाग, एक प्रकारचा माल, एक-दोन ठिकाणं घ्यायची, काही काळ जुनं-नवं सोबत चालवायचं, आकडे जुळतायत हे बघायचं आणि मग जुनं बंद करायचं. सोबत चालवण्याला शेवटची तारीख मात्र हवी, नाहीतर पुन्हा वरचाच समांतर कारभार.

दुसरी गोष्ट, नियम बदलले की यंत्रणा किती लवकर बदलते. तांदळाचा अनुभव ताजा आहे. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. २५ ऑगस्टला उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क लागलं. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये पांढऱ्या तांदळावरची बंदी उठली आणि ऑक्टोबरमध्ये उकड्यावरचं शुल्कही गेलं. असे निर्णय एका रात्रीत लागू होतात. त्या रात्री कंटेनर रेल्वेवर आहे, शिपिंग बिल दाखल झालंय, लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल निघू देण्याची कस्टम्सची शेवटची मंजुरी, मिळालेली नाही. तो कुठल्या नियमात? नियम जर प्रोग्रामच्या पोटात घट्ट लिहिलेला असेल तर बदलाला दिवस लागतात आणि तोवर अधिकारी हाताने निर्णय घेतात. नियम वेगळ्या तक्त्यात ठेवला, कोणत्या तारखेपासून, कोणत्या कोडला, कोणता अपवाद अशा रूपात, तर अधिसूचनेसोबत यंत्रणाही बदलते आणि व्यापाऱ्याला माल भरण्याआधीच पडद्यावर दिसतं. नवी खिडकी बांधणाऱ्या कोणालाही मी हीच मागणी आधी करेन.

तिसरी गोष्ट दारांची. जुन्या पद्धतीत माणूस पोर्टलवर बसून रकाने भरतो. नव्या पद्धतीत व्यापाऱ्याचं स्वतःचं हिशोबाचं सॉफ्टवेअर थेट खिडकीशी बोलतं, त्याला एपीआय म्हणतात. ५०० च्या ४९८ गोण्या झाल्या तर गोदामातल्या माणसाने एकदा आकडा बदलला की सगळीकडे बदलावा, असं त्यातून साधतं. मोठ्या कंपन्या हे लगेच करतील. वरूड-मोर्शीचा शेतकरी गट किंवा भिवापूरची मिरची पाठवू पाहणारी उत्पादक कंपनी ते करू शकणार नाही. त्यांच्यासाठी मोबाइलवर चालणारा साधा फॉर्म, मराठीतली मदत आणि मागच्या खेपेची माहिती जशीच्या तशी उचलण्याची सोय हवी. एपीआय आला म्हणून साधा फॉर्म दुर्लक्षित झाला तर छोट्यांसाठी खिडकी आणखी उंच जाते.

आणि सर्व्हर बंद पडला तर? ही शंका चिल्लर वाटते, पण जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे माल घेण्याची शेवटची वेळ, सर्व्हरसाठी थांबत नाही. बंदच्या काळात काय करायचं, उशिराचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे आधी लिहून ठेवलेलं असायला हवं. तसंच कंत्राटाचं. यंत्रणा कोणीही बांधो, माहिती आणि तिचा आराखडा सरकारच्या मालकीचा राहिला पाहिजे, म्हणजे दहा वर्षांनी कंपनी बदलता येते.

सीमेपलीकडचं दार

आपली खिडकी कितीही चांगली झाली तरी ती आपल्या सीमेपाशी संपते. पलीकडे दुसऱ्या देशाची खिडकी. आपण दिलेला फायटो तिकडे पुन्हा कोणीतरी हाताने भरत असेल तर अर्धं काम उरलंच. आसियान देशांनी हे बऱ्यापैकी सोडवलं. २०१८ च्या सुरुवातीला इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, थायलंड आणि व्हिएतनाम हे पाच देश ओरिजिनचं प्रमाणपत्र एकमेकांना संगणकातून संगणकात पाठवू लागले, बाकीचे मागोमाग आले. वनस्पतींच्या दाखल्यासाठी आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराने ई-फायटोची सामाईक व्यवस्था उभी केली आहे, त्यामुळे प्रत्येक देशाला प्रत्येकाशी वेगळी तार जोडावी लागत नाही. भारताच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘भारतट्रेडनेट’ची घोषणा झाली. व्यापाराची कागदपत्रं आणि त्यावर मिळणारं कर्ज यांचा एक सामाईक डिजिटल मंच, असं तिचं स्वरूप सांगितलं गेलं. आफ्रिकेला तांदूळ पाठवणाऱ्या गिरणीवाल्याला बिलावर लवकर पैसे मिळाले तर त्याचं महत्त्व त्याला वेगळं समजावून सांगायला नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. खिडकी वेळ वाचवते, धोरण बदलत नाही. बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हा विदर्भातल्या बागायतदारांचं कंबरडं मोडलं. तो प्रश्न दोन सरकारांच्या बोलण्यातून सुटेल, कुठल्याही पोर्टलने नाही. एक खिडकीकडून ज्याची अपेक्षा करू नये ती केली, की नंतर जे ती खरोखर देऊ शकते त्यावरचाही विश्वास उडतो.

नागपूरने काय मागावं

नागपूरला समुद्र नाही. आपला माल अजनी, मिहान, बोरखेडी अशा कंटेनर डेपोंतून रेल्वेने किंवा रस्त्याने आठशेएक किलोमीटरवरच्या, मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जातो. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्ग पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला आणि गाडीचा प्रवास कमी झाला. पण डांबरावर वाचवलेले सात-आठ तास अधिकाऱ्याने काढलेल्या एका न सुटलेल्या क्वेरीत, म्हणजे शंकेत, एका सकाळी जातात. बंदरावरच्या व्यापाऱ्याचं जहाज चुकलं तर त्याचा कंटेनर बंदरातच आहे. आपलं चुकलं तर मधे आठशे किलोमीटर, गाडीभाडं आणि ग्राउंड रेंट, म्हणजे कंटेनर पडून राहिल्याचं जागाभाडं.

म्हणून वेळ मोजणं हे आपल्या हिताचं आहे. वरच्या व्यापार सुलभीकरण करारात माल सुटायला लागणारा वेळ मोजण्याची टाइम रिलीज स्टडी म्हणून एक पद्धत सांगितली आहे आणि भारत सरकार ती दरवर्षी करतं. २०२३ च्या अभ्यासात आयात माल पोचल्यापासून सुटेपर्यंत बंदरांवर सरासरी ८५ तासांच्या आसपास, अंतर्गत कंटेनर डेपोंत ७२ तासांच्या आसपास, विमानतळांवर ४४ आणि भूसीमेवरच्या चौक्यांवर ३२ तासांच्या आसपास लागले. निर्यातीबद्दल या अभ्यासाने दाखवलेली गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. कस्टम्सची मंजुरी मिळाल्यानंतर माल प्रत्यक्ष निघेपर्यंत जो वेळ जातो तोच मोठा असतो. म्हणजे गाडी, रेल्वेचा रेक, जहाजाची वेळ. कस्टम्सच्या खिडकीत रेल्वे आणि बंदराची माहिती जोडलेली नसेल तर व्यापाऱ्याचा अर्धा काळोख तसाच राहतो.

या सरासऱ्या देशाच्या आहेत. वरूडच्या संत्र्याचा रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर, गोंदियाचा तांदूळ, बुटीबोरीचं सूत यांचा वेळ कुठल्या टेबलावर जातो हे इथल्या माणसांनाच नोंदवता येईल. त्यासाठी जागा आहे. कस्टम्स आयुक्तालयांत कस्टम्स क्लिअरन्स फॅसिलिटेशन कमिटी असते, तिथे कस्टम्ससोबत प्लांट क्वारंटाइन, एफएसएसएआयसारखे विभाग बसतात. व्यापाऱ्यांसाठी पर्मनंट ट्रेड फॅसिलिटेशन कमिटीही असते. तिथे ‘फार उशीर होतो हो’ एवढं सांगितलं तर मान डोलावली जाते आणि बैठक संपते. त्याऐवजी आपल्याच मागच्या दोन-चार खेपांचा तक्ता न्यावा. चेकलिस्ट कधी आली, शिपिंग बिल किती वाजता दाखल झालं, फायटोचा अर्ज कधी, तपासणी कधी, दाखला कधी, क्वेरी कोणती आणि तिचं उत्तर कधी दिलं, लेट एक्स्पोर्ट ऑर्डर कधी, रेक कधी सुटला. शेजारी एक रकाना ठेवावा, ‘हीच माहिती आधी कुठे दिली होती’, आणि त्यात कलम १०.४ चा उल्लेख करावा. आपल्याकडून झालेला उशीरही त्यात प्रामाणिकपणे लिहावा, कारण चुकीचं इनव्हॉइस पाठवून सीएचएला दोन दिवस फोन न उचलणारे व्यापारी आपल्यातही आहेत. अशा तक्त्यावर अधिकाऱ्याला तारीख आणि टेबल धरून उत्तर द्यावं लागतं, आणि नव्या खिडकीचा आराखडा करणाऱ्यांना नेमकी कुठली दोन टेबलं जोडायची ते कळतं.